सहा ते आठ

दादा गॅरेजच्या भिंतीतल्या कॉकला पाठ लावून उभे होते आणि प्लंबर हातात पाना घेऊन ते बाजूला व्हायची वाट बघत होता.

"काका, जरा सरकता का?"

"आधी ती न्हाणीघराची लाइन उरकून घ्या ना," दादा म्हणाले.

"ती काल झाली."

"मग खिडकीखालची."

"तिथं लाइनच नाही, काका."

दादांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा चढवला, पण जागचे काही हलले नाहीत. प्लंबर समजूतदार माणूस. त्यानं पाना खाली ठेवला आणि चहा मिळेल का म्हणून विचारलं. कामाला चोख होता, पण तोंडाला कुलूप नव्हतं. भिंतीतून जे काही निघेल ते त्याला गावभर सांगायचं असे. परवा एक गंजका जोड सापडला, तर "कोणी हो केलं हे काम?" असं इतक्या मोठ्यानं ओरडला की दादांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, स्वयंपाकघरातून "सासऱ्यांनी!" म्हणून ओरडल्या. दादांना नेमकी त्याचीच धास्ती होती.

गॅरेजचं काम सुरू होऊन नववा दिवस होता. सिमेंटची धूळ उशीच्या अभ्र्यापर्यंत पोचली होती. शटर जाऊन तिथं दार आणि खिडकी आली होती, उतरती जमीन भरून सपाट केली होती, कोपऱ्यात छोटंसं न्हाणीघर उभं राहिलं होतं. दादांचं वय अडुसष्ट. विटा मोजून आणि मजुरांच्या मागे फिरून त्यांच्या कमरेचा पार काटा ढिला झाला होता. "कुठून हे झेंगट मागे लावून घेतलं," असं ते दिवसातून चारदा म्हणत आणि पाचव्यांदा म्हणायच्या आधी पुन्हा गॅरेजमध्ये जाऊन उभे राहत.

झेंगट त्यांचं त्यांनीच लावून घेतलं होतं. वरच्या मजल्यावर त्यांचा धाकटा भाऊ राहायचा. त्याची बायको गेल्या वर्षी गेली. दोन महिन्यांपूर्वी तो स्वतः पडला, खुब्याचं हाड मोडलं, आणि जिने चढणं-उतरणं सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून गॅरेजची खोली करायची, ती करता करता पन्नास वर्षांचे लोखंडी पाइपही काढून टाकायचे, असं दादांनी ठरवलं. ठरवलं, पण धाकट्याला विचारलं नाही. विचारणार कसं? सहा वर्षं दोघांत शब्द नव्हता. जे काही असेल ते वहिनींमार्फत. "त्याला सांग" खालून वर जायचं, "दादाला सांगा" वरून खाली यायचं, आणि वहिनींचे गुडघे मधल्या मध्ये झिजायचे. खोलीचा निरोप त्यांनी वर नेला तेव्हा उत्तर एकच शब्दाचं आलं होतं. "बघतो."

भांडण वडिलांच्या गाडीवरून झालं होतं. गाडी चार वर्षं जागची हलली नव्हती, टायर बसले होते, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. तरी दादा दर आठवड्याला ती पुसत. एकदा ते आठ दिवस परगावी गेले आणि धाकट्यानं ती परस्पर भंगारात दिली. दादा परत आले तर गॅरेजमध्ये फक्त तेलाचा काळा डाग. त्या डागावर ते बराच वेळ उभे राहिले, आणि मग त्यांची नजर भिंतीतल्या कॉककडे गेली.

लाल चाकाचा जुना कॉक. रस्त्यावरून येणारं पाणी तिथून वरच्या मजल्याला जायचं. या भागात पाणी सकाळी सहाला येतं आणि आठला जातं, त्या दोन तासांत काय भरायचं ते भरून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी सहाला दादा उठले, गॅरेजमध्ये गेले आणि चाक पिळलं. पुरतं नाही. वर करंगळीएवढी धार जावी इतकं ठेवलं, कारण आपण काही कसाई नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आठला जाऊन पुन्हा सोडून आले. येईल आता तणतणत खाली, त्यांना वाटलं. आला की दोन शब्द मी बोलेन, दोन तो बोलेल, होईल मोकळं.

धाकटा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, महिन्यानंतरही नाही. पाणी नाही तरी तोंड उघडत नाही, एवढा ताठा! दादा आणखी चिडले. बघता बघता सहा वर्षं झाली.

आणि आता हा बडबड्या प्लंबर तो कॉक काढणार होता.

चहा झाला. दादांना सरकावंच लागलं. तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. एक पायरी, थांबणं, पुन्हा एक पायरी. मागून वहिनींचा आरडाओरडा.

"अहो भावोजी, कशाला उतरताय? काय हवंय ते मी आणून देते ना!"

"खोली बघतो," धाकटा म्हणाला.

तो दारात येऊन टेकला. वहिनींनी स्टूल सरकवलं. दाढी वाढलेली, सदरा अंगावर लोंबत होता. त्यानं भिंतींकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. दादांकडे नाही.

"हे बघा," प्लंबरला ऐकायला नवीन माणूस मिळाला होता, "आता सगळ्या घराचा मेन कॉक या खोलीतच येणार, दाराच्या मागे. दुसरीकडे जागाच नाही. आणि हा म्हातारा आज निवृत्त." त्यानं लाल चाकावर थाप मारली. "चाक बघा कसं गुळगुळीत झालंय. रोज हात लागत असणार कुणाचा तरी."

प्लंबरनं चाक फिरवलं. चर्रर्र असा लांबलचक आवाज भिंतीतून वर चढत गेला.

धाकट्यानं मान उचलली.

"हाच तो."

"काय हाच?"

"आवाज." तो प्लंबरशीच बोलत होता. "रोज सहाला यायचा. पाइपातनं थेट आमच्या उशाशी. मग जरा वेळानं नळाला पाणी. आठला पुन्हा यायचा, की पाणी गेलं. दादा सोडायचा. बोलायचा नाही, पण पाणी सोडायला रोज उठायचा. आमची ही झोपेतच म्हणायची, दादा उठले. मग उठून बादल्या लावायची."

प्लंबरनं करवत चालवली, दोन हिसके दिले आणि कॉक सुटून त्याच्या हातात आला. त्यानं तो उजेडात धरला आणि हसायलाच लागला.

"अहो, पण सोडायला यात आहे काय! आतला दांडा कधीच तुटलाय. झडप वरच गंजून बसलीये, उघडी ती उघडीच. हे बघा, चाक नुसतं गरगर फिरतंय. पाच-सात वर्षं तरी झाली असतील याला मरून. पाणी आपलं आपण येत होतं, जात होतं. काका, फुकट हेलपाटे घातलेत तुम्ही!"

"तरीच!" वहिनींनी कपाळाला हात लावला. "मी म्हणायची, सकाळी उठल्या उठल्या हे गॅरेजमध्ये करतात तरी काय!"

धाकटा हसला. सहा वर्षांनी त्यानं दादांकडे सरळ पाहिलं.

"म्हणजे उगाच उठायचास होय रे?"

आणि काठी टेकत उठता उठता म्हणाला, "रविवारी येतो खाली."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. दादांनी आनंद मानायला हवा होता. पण ते सिमेंटच्या उपड्या घमेल्यावर मटकन बसले.

पहिल्यांदा जीव भांड्यात पडला होता, हे खरं. म्हणजे वर पाणी कधी कमी पडलंच नव्हतं. पण तो आनंद बादली भरेपर्यंतही टिकला नाही. कॉक मेलाय हे हाताला कुठं ठाऊक होतं? धाकट्याची बायको अंथरुणाला खिळली होती, दिवसाला तीन-तीन चादरी धुवाव्या लागत होत्या, वहिनी वर जाऊन डोळे पुसत खाली येत होत्या, तेव्हाही सहाला हा हात चाकावर पडला होता. एका सकाळी तो थबकला होता. मग दादांनी मनात म्हटलं होतं, येऊ दे ना त्याला, मागू दे ना पाणी. आणि पिळलं होतं. बिचारी ती, दादा उठले म्हणून उठायची! दादांना स्वतःची इतकी शिसारी आली की त्यांनी उजवा हात पँटला खसाखसा पुसला.

गप्प बसलं तर सगळं छान होतं. खोली तयार होत होती, भाऊ खाली येत होता, बोलत होता. तोंड उघडायची गरजच काय? दादा दिवसभर हाच विचार करून थकले. संध्याकाळी प्लंबर हातपाय धुऊन गेल्यावर त्यांनी भंगारातून ते लाल चाक उचललं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा जिना चढायला लागले.

धाकटा खिडकीशी बसला होता.

"ये," तो म्हणाला. "बस."

दादा बसले नाहीत. चाक त्यांनी टेबलावर ठेवलं.

"मी सोडत नव्हतो," ते म्हणाले. "बंद करत होतो."

"काय?"

"पाणी. सहाला बंद करायचो, आठला सोडायचो. तुम्हाला मिळू नये म्हणून. गाडीसाठी. कॉक मेलाय हे मला आज कळलं."

धाकट्यानं चाक हातात घेतलं. त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"रोज?"

"रोज."

"ती आजारी होती तेव्हा?"

दादांना वाटलं, एवढं एक खोटं बोलावं. देवसुद्धा माफ करेल.

"तेव्हाही."

खाली वहिनी भांडी लावत होत्या, त्याचा आवाज येत राहिला. धाकटा खिडकीबाहेर बघत होता.

"बरं झालं, तिला सांगितलं नाहीस," तो शेवटी म्हणाला. "जा तू आता."

दादा खाली आले. वहिनींनी काय झालं म्हणून विचारलं, तर "काही नाही, कंबर धरलीये" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

पुढचे तीन दिवस वरून एकही निरोप आला नाही. जेवणाची ताटं अर्धीमुर्धी परत येत. प्लंबरनं काम संपवलं, पांढरे नवे पाइप भिंतीत गेले, गिलावा झाला, रंगाचा हात फिरला. दादांनी खाट लावली, खिडकीची कडी तीनदा तपासली. धाकटा येणार नाही अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. न येईना का, त्याचं काय चुकलं?

रविवारी तो आला. दोन शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून उतरवला. दादांशी तो बोलला नाही. खोलीभर नजर फिरवली आणि दाराच्या मागे नव्या कॉकजवळ थांबला. साधी निळी दांडी होती.

"हा कुणाचा?"

"सगळ्या घराचा हो, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "पाव वळण दिलं की काम झालं. आवाजसुद्धा होत नाही."

"हं," धाकटा म्हणाला.

सोमवारी दादांना सवयीनं सहाच्या आधीच जाग आली. जायला जागा नव्हती. ते स्वयंपाकघरात जाऊन बसले. वहिनींनी पिंप नळाखाली सरकवलं, नळ सोडला. नळ घरघरला आणि गप्प झाला.

"अगं बाई, पाणीच नाही!" वहिनी खिडकीतून वाकून बघून आल्या. "शेजारी तर आलंय. अहो, त्या प्लंबरला फोन करा. नवंकोरं काम आणि ही तऱ्हा!"

"राहू दे."

"राहू दे काय? आठला जाईल पाणी. दिवसभर काय करायचं?"

"भागवू," दादा म्हणाले. "इतरांनी भागवलंच असतं ना."

"कोण इतर? काय बोलताय सकाळी सकाळी?"

रिकामा पेला हातात धरून दादा नळासमोर बसून राहिले. भिंतीपलीकडे स्टूल करकरलं, काठी फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. तो दाराच्या मागेच बसलाय, हे त्यांना कळलं. दोन तास, त्यांनी मनाशी हिशेब केला. मग उद्या दोन तास. माझं आयुष्य पुरणार नाही, पण पुरेल तेवढं बसू. मनातून त्यांना राग येत नव्हता, वाईटही वाटत नव्हतं. फार थकल्यावर कुणीतरी हातातलं ओझं घ्यावं, तसं काहीसं वाटत होतं.

नळ खोकला. मग एकदम भरभरून धार सुटली आणि पिंपाच्या तळाशी आदळायला लागली.

"आलं बाई!" वहिनी म्हणाल्या. "हवा धरली असणार पाइपात."

दादांनी घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. फक्त दहा. पेला भरून घ्यायला ते उठले, पण अर्धा भरताच त्यांनी तो नळाखालून काढला आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"अहो, रडताय की काय?"

"गप गं," दादा म्हणाले आणि तो अर्धा पेला घेऊन गॅरेजच्या दाराशी गेले.