योग्य माणसांसाठी बंगला

मेट्रनबाईंनी खोलीत पाऊल ठेवल्या ठेवल्या पलंगावरची चादर उचलली, गादीवर तळहात दाबला आणि तोच हात नवऱ्याच्या तोंडासमोर धरला.

“बघा.”

“काय बघू?”

“ओल. या गादीवर पेशंट झोपवला असता ना, तर मी अख्ख्या वॉर्डाला रांगेत उभं केलं असतं.”

“अगं, डोंगरातली हवा. इथे असंच असायचं.”

“हो ना. आणि इथे असंच असायचं, म्हणून आपण आपलं कोरडं खडखडीत घर विकायचं.”

नवरा खिडकीशी उभा राहून धुकं बघत होता, आणि तेही असं, की जणू ते खास त्याच्यासाठी मागवलेलं आहे. मागे सामान आणून ठेवणारा म्हातारा खानसामा दारातच घुटमळला होता. मेट्रनबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. तो गेला. त्यांच्या पाहण्याने माणसं जात असत. मोठ्या सरकारी इस्पितळात उभी हयात काढल्यावर त्यांना बोलायची गरज फारशी उरली नव्हती.

प्रकरण असं होतं. त्यांचा नवरा विमा कंपनीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला आणि घरी बसून पुस्तकं वाचता वाचता त्याला पूर्वेच्या डोंगरातल्या गावांचं वेड लागलं. साहेब उन्हाळ्यात तिथे कसा जायचा, बायकामुलं डोलीतून कशी जायची, पियानो हमालांच्या खांद्यावरून कसा चढायचा, संध्याकाळी बँड कसा वाजायचा. जेवताना, चहा घेताना, भाजी निवडताना हेच. साहेब देश सोडून गेला त्याला जमाना झाला होता, पण मेट्रनबाईंच्या स्वयंपाकघरात तो रोज येऊन बसायचा.

मग एका रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात आली. डोंगरातल्या त्या गावात साहेबाच्या काळातला बंगला विकायचा आहे. फक्त योग्य माणसांना. योग्य म्हणजे कोण, हे मालकीणबाई ठरवणार. घ्यायची इच्छा असलेल्यांनी आधी आठवडाभर बंगल्यावर पाहुणे म्हणून राहायचं. मालकीणबाई त्यांचं उठणं-बसणं बघणार आणि शेवटच्या दिवशी चहाच्या वेळी निकाल सांगणार. बरेच जण राहून, तोंड पाडून परत गेले होते. हे समजल्यावर नवऱ्याचा उत्साह कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. एखाद्या ठिकाणी आपल्याला घेत नाहीत म्हटलं की तिथे जायला काही माणसांचा जीव तुटतो.

बंगला घ्यायचा तर राहतं घर विकावं लागणार होतं. ते घर म्हणजे मेट्रनबाईंचा जीव. नर्सेस क्वार्टर्समधल्या एका खोलीत निम्मं आयुष्य गेल्यावर, दोघांच्या पगारातून उभं राहिलेलं. सकाळी स्वयंपाकघरात आणि दुपारी गॅलरीत ऊन यायचं. त्या सरळ नाही म्हणू शकल्या असत्या. पण मुलगी फोनवर म्हणाली होती, “आई, बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलंय गं. लगेच फटकन तोडून टाकू नकोस.” तेव्हा मेट्रनबाईंनी हिशेब केला. आपण कशाला वाईट व्हा? ती बाईच याला नापास करेल. आपला नवरा साहेब म्हणून कुठे खपेल, असं त्यांना स्वप्नातसुद्धा वाटत नव्हतं. आठवडाभर थंडी सोसायची आणि मोकळ्या मनाने घरी यायचं.

रात्रीच्या जेवणाला घंटा वाजली. नवऱ्याने टाय बांधला. तो इतका घट्ट, की गळ्याची शीर वर आली.

“फाशी जाताय की जेवायला?”

“अगं, इथली पद्धत आहे.”

मालकीणबाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. काडीसारखी शरीरयष्टी, खांद्यावर शाल, शालीला चांदीची पिन. त्यांचा सासरा चहाच्या मळ्यावर साहेबाचा मोठा कारकून होता आणि साहेब घाईघाईत बोटीवर चढला तेव्हा बंगला त्याच्या पदरात पडला, ही माहिती नवऱ्याने येताना गाडीतच भक्तिभावाने पुरवली होती. म्हणजे खुर्ची साहेबाची, काटेचमचे साहेबाचे, बसायचा ताठा साहेबाचा, आणि बसलेली बाई मात्र कारकुनाची सून. मेट्रनबाईंना हसू आलं. इथे बसलेले सगळेच कारकुनाच्या घरचे होते, आणि भिंतीवरचं मेलेलं सांबर काचेच्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होतं.

खानसाम्याने हातमोजे घालून सूप वाढलं. हातमोज्याच्या भोकातून त्याचा अंगठा बाहेर आला होता.

“थँक्यू, थँक्यू,” नवरा म्हणाला. मग मालकीणबाईंकडे वळून, “वा! काय सूप आहे!”

“गरम असतं तर कळलं असतं,” मेट्रनबाई म्हणाल्या.

नवऱ्याने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला. मालकीणबाईंनी मान वळवून मेट्रनबाईंना नीट न्याहाळलं. रागावल्या असाव्यात. छान, मेट्रनबाई मनात म्हणाल्या, पहिल्याच दिवशी एक खिळा ठोकला.

तिथून पुढे त्यांनी काही लपवायचं सोडून दिलं. जे दिसलं त्याला नाक मुरडलं. आणि नाक मुरडायला त्या गावात काय कमी होतं? वरच्या रस्त्यावर माणसांची ही झुंबड. खालच्या शहरांतून घामाघूम होऊन येणारी कुटुंबं इथे येऊन भाड्याचे कोट घालत होती, भाड्याच्या घोड्यावर बसत होती, घोडा चार पावलं चालला की किंचाळत होती. चर्चसमोर सगळी जणं त्याच एका दगडावर उभी राहून फोटो काढत होती. पहाटे उठून सूर्योदय बघायला जीपगाड्या भरून जायच्या आणि ढगात उभ्या राहून परत यायच्या, आणि आल्यावर सांगायच्या की फार सुंदर होता. नवऱ्यानेही तसंच सांगितलं.

“दिसला का सूर्य?” मेट्रनबाईंनी विचारलं.

“म्हणजे... जाणवला.”

“सर्दी जाणवतेय तुमच्या नाकातून. नाक पुसा.”

एका दुपारी दोघं फिरत फिरत जुन्या क्लबपाशी आले. दरवानाने आत सोडलं नाही, सभासदांसाठीच होतं. नवऱ्याने बाजूच्या खिडकीला नाक लावून, दोन्ही हातांनी उजेड अडवून आत बघितलं. काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली. ती बाहीने पुसून तो पुन्हा बघायला लागला.

“चला हो! लोक बघतायत. मिठाईच्या दुकानासमोर उभं राहिलेलं पोर बरं.”

तो बाजूला झाला. थोडं चालल्यावर म्हणाला, “साहेबाच्या वेळी आपल्याला या रस्त्यावरून चालायचीसुद्धा परवानगी नव्हती, माहीत आहे?”

“आणि त्याचंच तुम्हाला कौतुक!”

“नाही गं. त्याचं कसलं कौतुक? आता चालता येतं, त्याचं.”

हे त्याने इतक्या हळू सांगितलं, की घोड्यांच्या टापांत मेट्रनबाईंना अर्धंच ऐकू आलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

बंगल्यावर तर तो रोज थोडा थोडा अधिक वाकत होता. मालकीणबाई जेवायला आल्या की उठून खुर्ची ओढायचा. त्यांचा रुमाल पडला की टेबलाखाली घुसायचा. खानसाम्याला प्रत्येक ताटलीमागे थँक्यू. आणि एका संध्याकाळी, म्हाताऱ्याची कंबर धरली म्हणून, शेकोटीची लाकडं स्वतः अंगणातून उचलून आणली. कोटाला भुसा लागलेला, चेहरा उजळलेला. मेट्रनबाईंनी ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. आता पास होण्याची भीती राहिली नाही.

“कसं चाललंय?” मुलीने फोनवर विचारलं.

“उत्तम. तुझे बाबा नापास होतायत.”

“आई!”

“अगं, मी काही करत नाहीये. ते स्वतःच करतायत. मी नुसती बसून बघते.”

“तू बघतेस ना, तेच पुरे असतं,” मुलगी म्हणाली, आणि तिकडे कुणीतरी हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला.

शेवटच्या दिवशी दिवाणखान्यात चहा मांडला होता. नवऱ्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. खुर्चीच्या काठावर, गुडघे जुळवून बसला होता, तोंडी परीक्षेला बसतात तसा. मेट्रनबाई मात्र पाठ टेकून बसल्या. सामान त्यांनी कधीच भरून ठेवलं होतं.

मालकीणबाईंनी कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. “तुम्ही फार गोड माणूस आहात.”

“छे, छे, मी कसला...”

“ऐकून घ्या. गोड माणसाला मी हे घर देत नाही. तुम्ही खानसाम्याचे आभार मानता. माझी खुर्ची ओढता. परवा लाकडं आणलीत. घराचा मालक लाकडं आणत नसतो. लाकडं आणतो तो हमाल.”

नवरा हसला. “हा हा, ते मात्र खरं आहे.”

सुटले, मेट्रनबाईंना वाटलं. छातीवरचा दगड उतरला. त्यांना गॅलरीतलं ऊन दिसायला लागलं.

“तरी बंगला मी तुम्हालाच देणार आहे,” मालकीणबाई म्हणाल्या.

नवरा आभार मानायला कपासकट उठला.

“यांच्यामुळे.” मालकीणबाईंनी मेट्रनबाईंकडे बोट केलं. “आल्या दिवशी यांनी माझ्या गादीला हात लावून नाक मुरडलं, हे खानसाम्याने मला तेव्हाच सांगितलं. सूपाला तोंडावर नावं ठेवली. एवढ्या दिवसांत कुणाचे आभार मानले नाहीत, कुणासाठी उठल्या नाहीत. सासूबाई सांगायच्या, साहेबाची मडम अशीच बघायची. नोकराकडे, झाडाकडे, नवऱ्याकडे, सगळ्यांकडे एकाच नजरेने. मला कधी तसं जमलं नाही, मी आपली ओढूनताणून करते. यांच्या अंगातच आहे. बघा, आत्ता माझ्याकडेही तशाच बघतायत! काय काम करायचात?”

“मेट्रन होते.”

“तरीच.” मालकीणबाई तृप्त झाल्या. “कागद यांच्या नावावर होतील. तुम्ही काय,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “तुम्ही राहा यांच्याबरोबर.”

“चालेल!” नवरा म्हणाला. “हिच्या नावावर तर हिच्या नावावर. त्यात काय एवढं? घर आपलंच की.” तो बायकोकडे वळला. त्या वयात माणसाच्या चेहऱ्यावर एवढी आशा चांगली दिसत नाही.

“नको,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“अगं...”

“नको म्हणजे नको. भिंतीत ओल आहे, जिन्याला वाळवी आहे. आणि माझं घर मला आहे, तिथे ऊन येतं. ते मी विकणार नाही. आधीच सांगायला हवं होतं, ते आत्ता सांगते.”

मालकीणबाईंनी टाळी वाजवली. “अगदी अस्संच बोलली असती मडम!”

इतकं लागेल असं कौतुक मेट्रनबाईंचं आजवर कुणी केलं नव्हतं. त्या उठल्या आणि कुणाचा निरोप न घेता खोलीकडे गेल्या, आणि जाताना त्यांना कळत होतं की हेसुद्धा मागे बसलेल्या बाईला आवडलेलं असणार.

गाडीतळावर धुकं इतकं दाट होतं की जीप कुठली आणि टपरी कुठली ते समजत नव्हतं. नवऱ्याने नेहमीप्रमाणे दोन्ही बॅगा उचलल्या होत्या. अर्ध्या वाटेत तो थांबला आणि त्याने एक बॅग खाली ठेवली. मेट्रनबाईंनी ती उचलली.

“तिने मला हमाल म्हटलं,” तो म्हणाला.

“त्या बाईचं काय मनावर घेता? डोकं फिरलंय तिचं, एकटी राहून राहून.”

“तिचं नाही गं घेत. ती परकी. मी हसलो, कारण मला वाटलं, आता तू बोलशील. माझ्या नवऱ्याला असं बोलायचं काम नाही, असं काहीतरी. तू बोललीस की समोरचा उरत नाही.” त्याने हातावर फुंकर घातली. “बोललीस. पण घरासाठी बोललीस.”

“घर दोघांचं आहे.”

“हो, ते बरं केलंस. ती ओल मलाही सोसली नसती. दुसऱ्याच दिवशी छाती धरली होती माझी. पण आता मागे कसं फिरणार, म्हणून बोललो नाही.”

मेट्रनबाईंना काहीतरी बोलायचं होतं. एखाद्या ज्युनिअर सिस्टरची चूक नसताना आपण तिला झापलं, हे उशिरा कळलं म्हणजे त्यांचं असं व्हायचं. तेव्हाही त्या बोलत नसत. दुसऱ्या दिवशी तिला सोपी ड्यूटी लावत.

“इतकी वर्षं मला वाटायचं,” नवरा म्हणाला, “तू दमून येतेस, म्हणून तसं बघतेस.”

“कसं?”

त्याने करून दाखवलं नाही. तेवढ्यात जीप आली. त्याने बॅगा मागे टाकल्या, बायकोसाठी मागचं दार उघडलं आणि ती बसल्यावर स्वतः पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला.

उतार सुरू झाला. ड्रायव्हर बडबड्या होता. वळणावळणावर कुठली गाडी कधी दरीत गेली ते रंगवून सांगत होता, आणि नवरा “काय सांगता!” म्हणत हसत होता, मोठ्याने, गळा मोकळा असलेल्या माणसासारखा. मागे सामानाजवळ बसलेल्या मेट्रनबाईंना त्याची मान तेवढी दिसत होती.

“काका,” ड्रायव्हर म्हणाला, “पुढे रस्ता वाईट आहे. काकूंना गाडी लागत नाही ना?”

“त्यांनाच विचारा,” नवरा मागे न वळता म्हणाला.

ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं, आणि न विचारताच नजर पुन्हा रस्त्याकडे वळवली.