मेलेली नळी

मेलेल्या नळीने आजही काम केलं, आणि माझं डोकंच चालेनासं झालं.

आमच्या प्रयोगशाळेतली पद्धत साधी. एन्झाइमचे दोन भाग करायचे. एक तसाच ठेवायचा, दुसरा उकळत्या पाण्यात धरून मारायचा. जिवंत नळीत मीटरचा आकडा उतरला आणि मेलेल्या नळीत जागेवर राहिला, तर प्रयोग खरा. माझा आकडा दोन्हीकडे सारखाच उतरत होता. नळ्या बदलल्या, पाणी बदललं, मीटर पुसून काढलं. पुन्हा ये रे माझ्या मागल्या!

"घोळ तुझ्या हातात तरी आहे, नाहीतर आकडे तू मनाने लिहितेस," सर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत उत्तर दे. नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

मनाने लिहिते? मला इतका संताप आला की रडूच फुटलं. जिन्यात जाऊन आईला फोन केला. तिला माझ्या कामातलं एवढंच ठाऊक, की आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या पेशींचा पडदा आपल्यापेक्षा उलट्या घडणीच्या तेलाचा असतो, उजव्या चपलेसमोर डावी असावी तसा. त्या डाव्या चपलेचा पहिला टाका घालणारं एन्झाइम मी सांभाळते.

"रडू नकोस गं. हे तुझे जीव राहतात तरी कुठे?" काहीतरी विचारायचं म्हणून तिने विचारलं.

"उकळत्या झऱ्यात," मी म्हणाले, आणि माझा आ वासलेलाच राहिला.

एन्झाइम आम्ही प्रयोगशाळेतल्या साध्या जिवाणूंकडून बनवून घ्यायचो आणि बर्फात जपायचो. झरा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. मी त्याला उकळत्या पाण्यात, म्हणजे त्याच्या घरीच सोडत होते, आणि वर मेलं म्हणत होते!

पळत जाऊन सरांना सांगितलं. वाटलं, हसतील, निदान कपाळावर हात मारतील. ते नुसतेच स्टुलावर बसले.

"तुझ्या आधीच्या मुलीच्याही दोन्ही नळ्यांत आकडा उतरायचा," ते म्हणाले. "मी तिला खोटारडी म्हणालो."

आनंद मानावा की काय करावं, मला काही कळेना. तिच्या रिकाम्या जागेवर तर मला घेतलं होतं.

"पण सर, तिला हे काम जमलं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

"जमलं होतं," सर म्हणाले.