फाटकावरच्या फोननं ऐकलेलं कीर्तन

या रे बाळांनो, या गं लेकींनो, असे जवळ सरकून बसा. टाळ नाही, मृदंग नाही, तरी कीर्तनात सांगावी तशी एक गोष्ट आज मी सांगणार आहे. मन मात्र जाग्यावर ठेवा. माझं स्वतःचं काही राहत नाही. घंटी आत्ता वाजेल, मग वाजेल, असं मला सारखं वाटतं.

मी एक जुना टेलिफोन आहे. कोल्हापूरला जाणाऱ्या रुळांवर, उसाच्या फडांमध्ये एक लहानसं फाटक आहे. त्या फाटकाच्या खोलीत, भिंतीवर माझं घर. अंगाला काळा रंग, कुशीला फिरवायचा दांडा आणि पोटात पितळी घंटी. मला आकडे नाहीत, चित्रं नाहीत. मी बोलतो ते फक्त एकाच ठिकाणाशी, म्हणजे स्टेशनशी.

मित्रांनो, माझं काम ऐका. गाडी सुटण्याआधी स्टेशनमास्तर माझी घंटी वाजवतात. फाटकवाला फाटक बंद करतो आणि मला कानाला लावून मास्तरांना एक ठरलेला अंक सांगतो. तो अंक मिळाला, की मगच गाडी निश्चिंतपणे सुटते. हजार-दीड हजार जिवांची गाडी आणि मधे माझी एवढीशी तार! आहे की नाही भाग्य?

तरुणपणी माझं कौतुक फार झालं. सयाजी नावाचे जुने फाटकवाले होते. ते रोज सकाळी मला पुसायचे, उदबत्ती ओवाळायचे आणि म्हणायचे, "बोल बाबा, तू बोलत ऱ्हा. तुजा शब्द तो देवाचा शब्द." तेव्हा फाटकावर माणसं पाळीपाळीनं येत. एक फोनपाशी असला, तर दुसरा बाहेर झेंडा घेऊन उभा असे. पुढं सयाजी निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. आणखी एक जण बदलून गेला, तीही जागा तशीच राहिली. माझ्या अंगावर धूळ साचू लागली. पुसणार कोण आणि कधी?

शेवटी उरली ललिता. कुरुंदवाडकडची पोर, परीक्षा देऊन नोकरीला लागलेली. तिच्या घरात सरकारी नोकरी मिळवणारी ती पहिलीच. कपाटाच्या आतल्या बाजूला बाबासाहेबांचा लहानसा फोटो, शेजारी हिरवा आणि लाल असे दोन झेंडे आणि जेवणाचा डबा. डबा कधी वेळेवर उघडल्याचं मला आठवत नाही. ती घास तोंडाजवळ न्यायची आणि मी वाजायचो. मला फार ओशाळल्यासारखं होई. पण वाजणं हाच माझा धर्म.

मग दूर कुठल्याशा फाटकावर मोठा अपघात झाला. वर्तमानपत्रांत, दूरदर्शनवर एकच गदारोळ उठला. फाटकवाले झोपतात का, फोन उचलतात का, सुरक्षेसाठीचा पैसा कुठं गेला, माणसं का भरली नाहीत? प्रश्न बरेच होते. उत्तर म्हणून साहेब लोक आले आणि माझ्या तारेला आवाज साठवणारं यंत्र जोडून गेले. माणूस मात्र कुणी जोडला नाही.

आता सांगतो मुख्य कथा.

फाटकालगत विठ्ठलाचं देऊळ आहे. दरवर्षी तिथं सप्ताह बसतो. आणि मित्रांनो, कीर्तन म्हणजे माझा जीव! आठवडाभर खिडकीतून नामाचा गजर आत येतो, तेव्हा माझी तारसुद्धा डोलते. देवळाच्या कामाला आपला ट्रॅक्टर देणारे बाळासो दरवर्षी कर्णा बांधतात तो फाटकाजवळच्या खांबावर. सगळ्यांत उंच जागा ती. "आवाज पार कागलच्या एमआयडीसीपत्तुर जाया पायजे," असं त्यांचं म्हणणं. कर्ण्याचं तोंड नेमकं आमच्या खोलीकडं असतं. इतकी वर्षं कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. देवाचं नाव कुणाला जड होतं का?

काल्याचा दिवस. बनाबाई महाराजांचं कीर्तन रंगात आलेलं. बाळासो महाप्रसादाच्या खिरीची काहील ट्रॉलीत घालून निघाले. ट्रॅक्टर रुळांपलीकडं गेला आणि पिन निसटून ट्रॉली रुळांवरच राहिली. आत ऊन ऊन खीर, वर बसलेल्या बायका.

"उतरा सगळी! आधी माणसं उतरवा!" ललिता धावली.

"अगं तायडे, थांब की! खीर सांडंल!" बाळासो ओरडले.

"खिरीचं काय घिऊन बसलाय तात्या? गाडीची येळ झालीया!"

"दमानं घे. देवाच्या खिरीला कुटली गाडी आडवी येतीया?"

आणि मी वाजलो! ललितानं येऊन मला कानाला लावलं. मास्तर अंक मागत होते. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "गाडी सोडू नका! रुळावर ट्रॉली हाय!" पण त्याच क्षणी शंभर टाळ एकदम कडाडले. कर्ण्यातला गजर खिडकीतून आला आणि थेट माझ्या तोंडात शिरला. मास्तर पलीकडून म्हणत होते, "काय? टाळच ऐकू येताहेत! अंक सांगा!" तिला तेही कळेना. ती पुन्हा ओरडली. पुन्हा टाळ. मी दोघांच्या मधे होतो. दोघांचं सगळं मला ऐकू येत होतं आणि एकाचं दुसऱ्याला पोचवता येत नव्हतं. मित्रांनो, ज्या नामानं माझा जीव शांत व्हायचा, त्याच नामाच्या गजरात मी त्या दिवशी तडफडलो.

गाडी थांबली की सुटली, कसं कळावं? ललितानं मला सोडलं, लाल झेंडा उचलला आणि उसाच्या वळणाकडं पळत सुटली. मी तारेला लोंबकळत राहिलो. पलीकडून मास्तर हॅलो, हॅलो करत राहिले.

अंक न मिळाल्यानं मास्तरांनी नियमाप्रमाणे चालकाला 'फाटक बघून जा' असा लेखी इशारा दिला आणि गाडी हळू सोडली. वळणावर उसाआडून काय दिसणार? पण दिसला तो लाल झेंडा. चाकं किंचाळली, गाडी थांबली. खिडक्यांतून माणसं चिडून ओरडली, "ओ बाई, काय झालं? ऑफिसला लेट झाला की!" ती धापा टाकत तशीच झेंडा धरून उभी राहिली.

जीव वाचले. पण यंत्रात काय साठलं? टाळ, मृदंग आणि एका बाईचा न समजणारा आवाज. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, 'फाटकवाली ड्युटीवर कीर्तनात दंग.' ललिताला घरी बसवलं आणि चौकशी लागली. नोकरी जाणार, असं जो तो म्हणू लागला. बाळासो गप्प. रूळ अडवल्याचा गुन्हा आपल्यावर येईल, ही धास्ती त्यांना बोलू देईना.

चौकशीचे साहेब खोलीत आले. ललिता कोपऱ्यात उभी. साहेबांनी मला वाजवून पाहिलं. मी खणखणीत वाजलो. "फोन तर उत्तम आहे," ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतक्यात बनाबाई महाराज दारात आल्या, मागं टाळकरी आणि बाळासो. नऊवारी, गळ्यात तुळशीची माळ, हातात टाळ. "साहेब, वाईच थांबा. माज्या कीर्तनानं एका लेकीची भाकरी जात असंल, तर मी पुन्यांदा टाळ धरू कशी?" मग त्या बाळासोंकडं वळल्या. "बाळासो, कर्णा बांध. हुता तसा."

बाळासोंनी मान खाली घालून कर्णा बांधला. भजन सुरू झालं. साहेबांनी मला कानाला लावलं आणि स्टेशनवर बोलू लागले. मग ओरडू लागले. मानेच्या शिरा फुगल्या. पलीकडून मास्तर म्हणत होते, "कोण बोलतंय? टाळच ऐकू येताहेत!"

बनाबाईंनी हातानं टाळ थांबवले. खोलीत शांतता पसरली.

"व्हय साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "तुमीबी ड्युटीवर कीर्तन ऐकत बसलाय?"

बाहेर हशा पिकला. साहेबांचे कान लाल झाले, पण माणूस सरळ. ते ललिताला म्हणाले, "तू फोन का सोडलास? झेंडा घेऊन दुसऱ्याला का नाही पाठवलंस?"

ललितानं खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीकडं बघितलं. "दुसरं कोण साहेब?"

साहेबांनी ते कागदावर उतरवून घेतलं. बाळासो रडकुंडीला येऊन पुढं झाले, "कर्णा मीच बांधला साहेब. ट्रॉलीबी माजीच. तिला न्हाय, मला काय ते करा."

ललिता कामावर परत आली. आता कर्णा देवळाच्याच आवारात असतो, तोंड माळाकडं. सप्ताहात गाडीची वेळ झाली, की बनाबाई स्वतः टाळ थांबवतात आणि म्हणतात, "लेकीला ऐकू द्या." त्या शांततेत मी वाजतो. खरं सांगू? मला ते कीर्तनच वाटतं.

दुसऱ्या माणसाची जागा मंजूर झाली आहे म्हणे. माणूस अजून आलेला नाही. फाटकाखालून भुयारी रस्ता होणार, अशी मोजणीही झाली. तो झाला, की मी भंगारात जाईन. जाईन बापडा, दुःख नाही. पण तोवर? घंटी वाजते आहे आणि ललिता बाहेर ट्रॅक्टर अडवून उभी आहे, असं रोज होतं. ती धावत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

म्हणून बाळांनो, एक मागणं मागतो. कधी बंद फाटकाशी थांबावं लागलं, तर हॉर्न वाजवू नका. आई-बाबांनाही वाजवू देऊ नका. त्या आवाजाच्या आत कुणीतरी एक शब्द ऐकायची धडपड करत असेल. आणि रात्री देवापुढं हात जोडाल, तेव्हा तुमच्या माणसांच्या नावांत आणखी एक नाव घाला. फाटकावरची ललिता. घास हातात धरून ती माझ्याकडं बघते आहे.