घासलेलं लोखंड

देवस्थळी सरांनी रिकामी कपबशी सतरंजीवर ठेवली आणि दिव्याजवळच्या गाठोड्याकडे बोट केलं.

"तेच का ते?"

बनूने मान हलवली. तिच्या वडिलांच्या, सयाजी आबांच्या, छातीतून काढलेला रॉडचा तुकडा दवाखान्याने फडक्यात बांधून दिला होता. आबा गेले त्याला दहा दिवस झाले, तो तिथेच होता. वाईच्या शाळेत शिकवणाऱ्या बनूला ती गाठ सोडायचा धीर झाला नव्हता.

चौऱ्याहत्तर साली शिराळ्याच्या माळावर देवस्थळी सरांचं सांगलीचं कॉलेज आणि मुंबईची एक कंपनी मिळून काळ्या पाषाणात भोकं पाडून बघत होती. या दगडाखाली तेल असलंच, तर तिथवर लवकर कसं पोचायचं, याचा प्रयोग. भोक पाडणारा रॉड नव्या पोलादाचा. यंत्रावर आबा. रॉडला तळहात लावून ते खालचा दगड ओळखत.

"चौकशीत एवढंच ठरायचंय," सर म्हणाले. "रॉड आधीच खराब होता, की सयाजीने दाब जास्त दिला."

"आबांनी तुम्हाला चीर दाखवली होती."

"कुठली चीर?"

 अपघाताच्या आदल्याच रविवारी आबा याच सतरंजीवर बसून म्हणाले होते, "रॉड चिरलाय, बने. सरांस्नी दावला. तर म्हनलं, एवढं वीस फूट हू दे, मग बदलू." आणि लहानपणी शिकवायचे तसंच पुढे म्हणाले, "ताजं मोडलेलं लोखंड आतनं चकाकतं. जुनी चीर तांबडी आसती. गंज खोटं बोलत न्हाई."

तिने गाठोडं सरांसमोर ओढलं. गाठ तिनेच सोडली.

तुकडा लखलखत होता. देवाच्या ताम्हनासारखा.

"म्याच घासला," तिची आई, पारूबाई, दारातून म्हणाली. "त्येंचं रगात व्हतं त्येच्यावर. तसाच कसा ठिवायचा? वरचं गेलं, पर मोडलेल्या तोंडाला आत तांबडं बसलं व्हतं, त्ये काय केल्या निघंना. चिंच लावली, राख लावली. चार दिस पहाटं उठून घासत व्हते, तवा गेलं."

सरांनी खिशातून भिंग काढलं. बराच वेळ बघितलं.

"ताजा तुकडा आहे," ते म्हणाले.

"सर, आई काय बोलली ते ऐकलंत तुम्ही."

"बाई, मला दिसतं तेवढंच मी लिहितो."

त्यांनी तुकडा रुमालात गुंडाळला, पारूबाईला वाकून नमस्कार केला. जीप धुरळ्यात गेली.

पारूबाई कपबशी उचलायला वाकली. चिंचेने तिची बोटं उलली होती.

"काय म्हनलं गं सायब?"

बनू रिकाम्या फडक्याची घडी घालत होती. एक घडी, मग आणखी एक.

"लय चांगलं घासलंय म्हनलं."

पारूबाईने पदर डोळ्यांना लावला.

"तेवढं तरी झालं बाई त्येंच्यासाठी माज्या हातनं."