कोपरांनी झिजलेला डोंगर

दुसऱ्याच्या तेजाने ज्याला आपला अंधार वाढल्यासारखा वाटतो, त्याला समोरचे संकटही संकट वाटत नाही. हे मला फार उशिरा उमगले, मित्रांनो. मी एक जुना उठावाचा नकाशा आहे. लाकडी चौकटीत प्लास्टरने घडवलेली दरी, तीतली नदी, वस्ती आणि वस्तीमागचा डोंगर, एवढाच माझा देह.

ऊर्जा आणि हवामान यांच्या धोरणांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत मी जन्मलो. वीज कुठून आणावी, पवनचक्क्या कुठे उभाराव्यात, हे दरीतल्या लोकांना विचारूनच ठरवायचे, हे संस्थेचे व्रत. सभेत मला मधोमध मांडीत. माणसे माझ्या डोंगरावर कोपरे टेकून हमरीतुमरीवर येत. "अहो, सरका जरा, माझं घर झाकलंत तुम्ही!" त्या कोपरांनी माझा डोंगर एका जागी झिजून सपाट झाला. त्या झिजेचा मला केवढा अभिमान!

मग संगणकाचा पडदा आला. भिंतभर, झगमगता. त्यात ढग सरकत, पवनचक्क्या गरगरत. आणि दरी मात्र माझीच! "नवं सर्वेक्षण कशाला? हा नकाशा आहे की," असे संचालक म्हणाले आणि एका यंत्राने माझे अंगप्रत्यंग टिपून घेतले. माझेच रूप लेवून तो वाहवा मिळवी. मी भिंतीला टेकून धूळ खाई. माझा नुसता जळफळाट होई.

निर्णयाची सभा भरली. संस्थेतली एक तरुण संशोधिका पडदा चालवीत होती. पडद्यावर डोंगरातल्या एका सपाट जागी पवनचक्क्यांची रांग उभी राहिली. लोकांचे डोळे दिपले, तोंडे मिटली.

"कोणाची हरकत नाही ना? मग संमती धरू," संचालक म्हणाले.

मी ती जागा ओळखली. ती तर माझी झीज! खऱ्या डोंगरावर तिथे उभा कडा आहे आणि कड्याखाली घरे. तिथे पाया खणला असता, तर दरड थेट घरांवर आली असती. तरीही क्षणभर वाटले, होऊ दे पडद्याची फजिती.

इतक्यात वस्तीतल्या एक काकू उठल्या आणि संशोधिकेला म्हणाल्या, "काय गं ताई, आमच्या डोंगराला हे पठार कधी फुटलं? तिथं शेळीचासुद्धा पाय ठरत नाही!"

सभेत हशा पिकला. संशोधिका मात्र चमकली. तिने मला उचलून टेबलावर ठेवले, पदराने पुसले आणि त्या सपाट जागी बोट टेकवले.

"काकू, हे पठार तुमच्याच कोपरांनी केलंय."

"अगं बाई! म्हणजे आमचीच कोपरं आमच्या डोक्यावर पडली असती की!"

संचालकांनी संमतीचा शब्द मागे घेतला आणि खऱ्या डोंगराच्या मोजणीला माणसे धाडली. सभेत पुन्हा वाद पेटला. माझ्यावर पुन्हा कोपरे टेकली.

पडदा अजून झगमगतो. मीही अजून थोडा जळतो. पण मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. त्या कशाने झिजल्या तेही विचारा, आणि गप्प बसलेल्या माणसांचा होकार गृहीत धरू नका.

त्या दरीतल्या दिव्यांना वारा लाभो, कड्याखालच्या घरांना निवांत झोप लाभो. आणि त्या पडद्यालाही, कधीतरी, एखाद्या कोपराची ऊब लाभो.