कावळ्यांची सुनावणी

बिल्डिंगच्या सुनावण्यांना बाहेरचा वकील नेमा, ही सूचना माझीच. जपानमध्ये चार वर्षं काढूनही एक साधी गोष्ट मला कळली नव्हती: इथे जो सूचना करतो, त्याच्याच गळ्यात ती पडते.

टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातली आमची इमारत दहा मजली, बिऱ्हाडं नव्वदेक. रहिवाशांचा संघ, आणि संघाची चाळीस कलमांची नियमावली. कुणी नियम मोडला की तळमजल्यावरच्या खोलीत सुनावणी व्हायची. तिथे अध्यक्ष होशिनोसान. निवृत्त पोस्टमन, वय अडुसष्ट, रोज पहाटे झाडू घेऊन कचऱ्याच्या कट्ट्याची राखण करणारे. तक्रार तेच करत, सुनावणीला तेच बसत आणि निकालही तेच देत.

१९९८ साली समितीवर जायची पाळी आमच्या घरावर आली. नवऱ्याला, म्हणजे नंदकिशोरला, ऑफिसातून मान वर करायला फुरसत नव्हती. माझं जपानी बरं होतं. पुण्यात शिकले होते आणि घरी बसून भाषांतराची कामं करत होते. म्हणून मी गेले. पहिल्याच सुनावणीत बाबागाडी पॅसेजमध्ये ठेवली म्हणून एका तरुण आईला होशिनोसाननी इतकं झापलं की ती बिचारी रडायला लागली. माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, फिर्यादी आणि न्यायाधीश एकच माणूस असू नये. बाहेरचा वकील आणा.

मग सगळ्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, सरितासान, तेवढा वकील शोधून द्या. सगळ्यात खाली वाकले ते होशिनोसान.

शोधता शोधता मियाकेसेन्सेई सापडले. इथे मास्तरांसारखं वकिलालाही सेन्सेईच म्हणतात. चौऱ्याहत्तर वर्षांचे, वॉर्ड ऑफिसात आठवड्यातून एकदा लोकांना फुकट सल्ला द्यायला बसत. चेहरा पाहून वाटलं, माणूस मवाळ असेल, बरं झालं. त्यांनी हातात पेन्सिल घेऊन चाळीसच्या चाळीस कलमं वाचली, चहा संपवला आणि एकच अट घातली.

"ज्यांनी मला नेमलं त्यांची बाजू मी घेणार नाही. चालेल?"

चालेल म्हणजे काय, त्यासाठीच तर नेमतोय, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांची नेमणूक झाली आणि उन्हाळाभर एकही तक्रार आली नाही. वकील येणार म्हटल्यावर लोक शहाण्यासारखे वागायला लागले होते. सप्टेंबरात पहिली तक्रार आली, ती पाचशे दोन नंबरच्या फ्लॅटविरुद्ध. पाचशे दोन म्हणजे आम्ही.

आमचे सासरे जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध उरकून सासूबाई, प्रभावतीबाई, मी त्यांना आईच म्हणते, ऑगस्टमध्ये आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना टोकियोत फारसं काही आवडलं नाही. दूध पातळ, ऊन पांढरं, आणि शेजारणी दार लावून बसणाऱ्या. आवडले ते फक्त कावळे. पुण्यात हल्ली हाका मारूनही येत नाहीत, इथे बघ कसे मांडीएवढे, असं त्या कौतुकाने सांगायच्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पितृपक्ष लागला. सोमवारपासून आई रोज सकाळी वरणभाताचा घास कागदी ताटलीत घेऊन खाली जात होत्या, आणि जिथे कावळे जमतात तिथे, म्हणजे थेट कचऱ्याच्या कट्ट्यावर, ठेवत होत्या. मला वाटायचं, फिरायला जातात. कावळे एकमेकांना निरोप देत असावेत. गुरुवारपर्यंत चाळीसेक जमले. घास संपला की कचऱ्यावर पसरलेल्या निळ्या जाळीखालच्या पिशव्यांकडे वळायचे. गुरुवारी पार्किंगभर माशांचे काटे, चहाचा चोथा आणि लहान मुलांचे डायपर पसरले होते. होशिनोसाननी एकट्याने ते सगळं झाडलं, ताटली पुराव्यादाखल पिशवीत घातली आणि कलम चौदाखाली तक्रार लिहिली. कावळे, कबुतरं आणि मांजरांना खायला घालण्यास मनाई.

कलमानुसार दोष सिद्ध झाला की ताकीद, आणि नियम जाणूनबुजून मोडला असेल तर घरमालकाला पत्र. आमचा फ्लॅट नंदकिशोरच्या कंपनीने भाड्याने घेतला होता, म्हणजे घरमालकाकडून ते पत्र कंपनीत जाणार. आईंनी हे ऐकलं आणि शांतपणे बॅग काढली. रविवारी यांची अष्टमी आहे, तेवढी झाली की मला विमानात बसवून दे, म्हणाल्या. नंदकिशोर काहीच बोलला नाही. बाबा गेल्यापासून त्याची ही एक नवी सवय झाली होती. त्या दोघांमध्ये काय साचलं होतं ते मला दिसायचं, पण कुठे हात घालावा ते कळायचं नाही.

शनिवारी संध्याकाळी तातडीची सुनावणी झाली. दुभाषी म्हणून मीच. इमारतीत दुसरं मराठी येणारं कोण होतं? मियाकेसेन्सेईंनी मला बजावलं की एक शब्द गाळायचा नाही आणि एक घालायचा नाही. मी मनात त्यांना दोन शब्द घातले.

होशिनोसाननी चार दिवसांचा हिशोब तारीखवार सांगितला. एक अक्षर खोटं नव्हतं, हेच दुःख. मग सेन्सेईंनी आईंना विचारलं, तुम्ही हे का केलंत? मला वाटलं होतं, आई म्हणतील, आमच्यात रीत आहे. तेवढं सांगून सुटता आलं असतं. पण आई सेन्सेईंकडे बघतच नव्हत्या. त्या खुर्चीत वळून आपल्या मुलाकडे बघत होत्या.

"हे आजारी होते तेव्हा नंदूला दोनदा फोन केला," आई म्हणाल्या. "दोन्ही वेळा म्हणाला, काम संपलं की येतो. आला तो हे गेल्यावर तिसऱ्या दिवशी. दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. थोरल्या दिराने सांगितलं, प्रभावतीचं आम्ही बघू. भावकीने सांगितलं, घराचं बघू. तीन तास उन्हात उभे होतो. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. लोक म्हणाले, बाप मुलावर रागावून गेला. मला ते खरं वाटलं. म्हणून मी इथे आले. म्हटलं, याच्या दारातला कावळा तरी घास घेतो का बघू. सोमवारी ठेवला तर लगेच घेतला. पण तो उष्ट्या-खरकट्यावर जगणारा, त्याला कुणाचाही घास चालतो. खरं काय ते उद्या कळणार, तिथीला."

नंदकिशोर समोर बसलेला, आणि हे सगळं मी परक्यांसमोर परक्या भाषेत सांगायचं. सेन्सेई वाट बघत राहिले. मग मी सांगितलं, एकही शब्द न गाळता. पिंड म्हणजे काय, दर्भ म्हणजे काय, हेही समजावलं. नंदकिशोर टेबलाकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

होशिनोसान खाकरले. आमच्याकडेही समाधीवर ठेवलेला नैवेद्य कावळेच खातात, म्हणाले. म्हणून हल्ली देवळात पाटी लावतात, ठेवलेलं परत घेऊन जा. तक्रार मात्र त्यांनी मागे घेतली नाही. चुकत नव्हते ते. चार दिवस घाण त्यांनीच उपसली होती.

सेन्सेईंनी निकाल दिला. कलम चौदा मोडलं आहे, लेखी ताकीद द्यावी. नियमावली फक्त जपानीत आहे, तेव्हा जाणूनबुजून मोडलं असं म्हणता येणार नाही, म्हणून घरमालकाला पत्र नाही. समितीने तिचं भाषांतर करावं. इथे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इमारतीच्या आवारात यापुढे घास ठेवू नये, उद्याही नाही. पेन्सिल खाली ठेवत त्यांनी शेवटी म्हटलं की संघाची हद्द फाटकापाशी संपते, त्यापलीकडचं त्यांना कुणी विचारलेलं नाही.

मला राग आलाच. इतकं ऐकूनही या माणसाला कलम चौदाच दिसलं. आई मात्र उठून त्यांना जपानी पद्धतीने वाकल्या. बरोबर बोलले ते, मला म्हणाल्या, लोकांचा उंबरठा घाण केला मी.

रविवारी सकाळी त्यांनी खीर केली, वडे केले, आणि बाबांना आवडायची ती आमसुलाची चटणी. डबा घेऊन आम्ही तिघं चालत आराकावा नदीच्या बांधावर गेलो. दुपारचे पावणेबारा झाले होते. नंदकिशोरने गवतावर ताटली मांडली. समोर विजेच्या तारेवर सात-आठ कावळे बसले होते. आम्ही बघत राहिलो. तेही बघत राहिले. एक पीस हललं नाही. आईंचे हात जोडलेले होते, आणि ओठ घट्ट मिटत चालले होते.

तेवढ्यात बांधावरून दोन म्हातारे सायकली ढकलत आले. होशिनोसान आणि मियाकेसेन्सेई. फाटकाबाहेर मोकळी जागा म्हणजे हा बांधच, आणि कावळ्यांची गोष्ट आहे म्हणून यांना घेऊन आलो, सेन्सेई म्हणाले. होशिनोसाननी आमच्याकडे बघून नेहमीसारख्या कपाळाला आठ्या घातल्या. टक लावून बघितलं तर कसे येतील, म्हणाले. दहा वर्षं यांच्याशी भांडतोय, माणसाची नजर असेपर्यंत शहाणा कावळा खाली उतरत नाही. पाठ करा.

मग आम्ही पाचही जण ताटलीकडे पाठ करून नदीकडे तोंड करून उभे राहिलो. वारा होता. बराच वेळ गेला, आणि माझ्या शेजारी नंदकिशोरचा आवाज आला. वर्षभरात ऐकला नव्हता असा.

"बाबा, माझं चुकलं. काम थांबलं असतं, कुणी मरत नव्हतं. मी यायला हवं होतं."

पाठीमागे पंख फडफडले. आम्ही वळलो. ताटलीत खिरीचा ओघळ तेवढा उरला होता. आईंनी डोळ्यांना पदर लावला. मुलाने माफी मागितली तेव्हा कुठे यांचा राग गेला, असं त्या पुटपुटल्या. नंदकिशोरने मान हलवली, म्हणजे त्यालाही तसंच वाटलं. आता जन्मभर तो हेच धरून बसणार, हे मला तिथेच दिसलं.

मियाकेसेन्सेईंनी मला विचारलं, आई काय म्हणाल्या? मी सांगितलं. ते म्हणाले, असं नाही झालेलं. मग होशिनोसानच्या सायकलीकडे बोट दाखवलं. तिच्या हँडलला छोटा गोल आरसा होता, आणि सेन्सेई सगळा वेळ तिच्यापाशीच उभे होते.

"मला आरशात दिसत होतं. पहिला कावळा बारा वाजून चार मिनिटांनी उतरला, त्याने वडा उचलला आणि गेला. तुमचे यजमान बोलले ते त्यानंतर सहा मिनिटांनी. तुम्ही ऐकलेले पंख दुसऱ्या कावळ्याचे. हे त्यांना सांगा. शब्द गाळू नका."

मी सांगितलं. पहिल्यांदा आईंना कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. मग त्या लेकाजवळ गेल्या. तो गवतात बसला होता, छत्तीस वर्षांचा घोडा, दोन्ही हातांत तोंड लपवून. आई त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ऐकलंस का नंदू? तू काही म्हणायच्या आधीच आले होते रे."