न गेलेल्या चिठ्ठीची पोचपावती

मी बोलतोय. हो, बेबीबाईंच्या कपाटातला हा फोनच. काचेला कोपऱ्यात तडा गेलाय, पण वाचा शाबूत आहे. घाबरू नका. या घराला घाबरवायचं तेवढं मी घाबरवून ठेवलंय, तेही मनात नसताना.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. माझी आठवण तुमसरच्या दुकानापासून सुरू होते. बेबीबाईंच्या नवऱ्याने, सेवकरामांनी, मला शर्टाच्या खिशात घालून आंबागडला आणलं. ते चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत पंपावर होते आणि ड्युटीचा तक्ता मेलवर यायचा, म्हणून मी. कामावरून आले की काळी झालेली बोटं लुंगीला पुसून मला हातात घ्यायचे.

एकदा ते मेलची सेटिंग उघडून बसले. पाठवलेलं एकीकडे, अर्धवट लिहिलेलं दुसरीकडे, पुसलेलं तिसरीकडे, हे त्यांना पटेना. “धान काय चार कोठ्यायत ठेवतेत का?” म्हणाले, आणि प्रत्येक फोल्डरपुढे इनबॉक्स निवडून मोकळे झाले. मी निमूटपणे ऐकलं. आम्हाला दुसरं येतं काय?

त्यांची एकुलती एक मुलगी हर्षा. तिने मनाने लग्न केलं, बाप वाट्टेल ते बोलला, आणि तिने नागपूरला जाऊन नंबरच बदलला. घरात उरला तो जुन्या फॉर्मवरचा तिचा मेलचा पत्ता. दोन वर्षांनी, धानाची रोवणी आटोपली त्या दुपारी, सेवकरामांनी तो शोधून काढला आणि एकेक अक्षर दाबत चिठ्ठी लिहिली. शेवटी पाठवायचा बाण दाबायचा, तर त्यांनी मागे जायचा दाबला.

मी चिठ्ठी अर्धवट समजून ठेवली. पण ठेवायची जागा तर इनबॉक्स! घंटी वाजली, वर त्यांचंच नाव. रजिस्टर पत्राची पोचपावती सही होऊन परत येते ना, तसंच वाटलं त्यांना. “पोचली वो हर्षाची माय! पावतीबी आली!” असे हसले, की मला ओरडावंसं वाटलं. ओरडता आलं नाही.

रोवणीपासून कापणीपर्यंत ते रोज मला उघडून बघत. “वाचलं असन तिनं. राग मोठा हाय पोरीचा,” म्हणत आणि मला बंद करत. कापणीच्याच दिवसांत, ओसरीवर चहा पिता पिता, ते गेले. हर्षाच्या चुलतबहिणीने, चंदाने, लपवून ठेवलेल्या तिच्या नव्या नंबरवर तिला कळवलं. ती आली नाही. जिवंतपणी बोलावलं नाही, आता काय, असं म्हणाली.

पुढे काय झालं ते सांगताना अजून माझीच बॅटरी उतरते. बेबीबाई त्यांच्या नावाचा तो मेल पुसायच्या, आणि पुसलेलंही इनबॉक्सातच जात असल्याने तो पुन्हा घंटी वाजवत यायचा. मेलेल्या नवऱ्याचं नाव पुन्हा पुन्हा काचेवर उमटे आणि बाई मला पदराखाली झाकत.

दहाव्याला, गेलेल्याचं पाऊल उमटतं का ते बघायला, ते गेले त्या जागी पीठ पसरून दिवा लावला. त्यांची आवडती वस्तू म्हणून मलाही पिठावर ठेवलं आणि वर टोपली झाकली. बाईंनी त्याआधीच मेल पुसला होता, पण आमच्याकडे रेंज डोंगराच्या मर्जीने येते. ती रात्री टोपलीखाली आली, आणि तिच्याबरोबर तो मेलही. मी थरथरलो, सरकलो.

सकाळी टोपली उचलली. शेजारच्या शकुनबाईंनी पिठावरच्या रेघा बघून हात जोडले. “पाय नाही उमटला, बाई. लिहून गेला तो. पोरीले बलावते.”

हे ऐकून मात्र हर्षा आली. ओसरीवर बसून तिने माझी सेटिंग उघडली. “आई, भूत नाही हे. फोल्डर चुकले हायत.”

“मंग ते पावती?”

हर्षाने मेल उघडला. ‘हर्षा, रोवणी झाली. मी चुकलो. जावयाले घेऊन ये. तोंडानं बोलता येत नाही मले, म्हून लिहून राहिलो.’

तिने तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. “पावती नाही आई. चिठ्ठीच हाय. मले आलीच नाही.”

तिने एकेक फोल्डर जागेवर लावला. मेल पुसायला बोट नेलं, तेव्हा बेबीबाईंनी तिचा हात धरला. “पाठव.”

“मी इथंच हावो ना, आई.”

“तरी पाठव. पोचली म्हणून सांगून गेले ते. त्यायले खोटं नको पडू देऊ.”

हर्षाने बाण दाबला. तिच्या पिशवीतला फोन वाजला, आणि बेबीबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, घरात नवरा आल्यासारखा.

आता माझी घंटी आपोआप वाजत नाही. हर्षाने त्या दिवशी आपल्या फोनवरून उत्तर धाडलं, ते माझ्या इनबॉक्सात ठळक अक्षरांत आहे, न वाचलेलं. बेबीबाई मला रोज चार्जिंगला लावतात, ते नाव बघतात आणि उघडत नाहीत. “त्यायची चिठ्ठी हाय. मी कायले उघडू?”

काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. एवढंच मागतो, मला कुणी पुसून कोरा करू नका. ज्यांची चिठ्ठी आहे, त्यांनी ती अजून वाचलेली नाही.